जीप रँग्लर टीजेला फोर्ड सुपर ड्यूटीचे जुने एक्सल बसवताना

१९९७ ते २००६ या काळात अमेरिकेतील टोलेडो येथे तयार झालेली जीप रँग्लर टीजे ही गाडी आजही युटामधील मोआबच्या खडकांवर आणि कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलवर मोठ्या संख्येने दिसते. तिचे इंजिन आणि चासी दणकट असले, तरी कंपनीने दिलेले एक्सल सुमारे ३० इंच उंचीच्या चाकांचा विचार करूनच बसवलेले होते. पुढे डाना या कंपनीचा डाना ३० आणि मागे बहुतेक गाड्यांत डाना ३५ अशी ती जोडी आहे. या गाडीला ३७ इंची चाके आणि लॉकर (एका एक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी यंत्रणा) बसवून एखाद्या खडकात चाक अडकलेले असताना जोर दिला, की मागचा शाफ्ट पिळवटून तुटणे ही केवळ वेळेची बाब उरते. डाना ३५ मध्ये चाक जागेवर धरण्याचे कामही शाफ्टच करतो आणि शाफ्टला आतल्या टोकाला एक लहान सी-क्लिप अडवून ठेवते. त्यामुळे शाफ्ट तुटल्यावर चाकासकट तो बाहेर सरकू शकतो, आणि ही गोष्ट उतारावर घडली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

यावरचा अमेरिकेतील रुळलेला उपाय म्हणजे एक टन वर्गातील ट्रकचे जुने एक्सल आणून बसवणे. या लेखात २००५ ते २०१६ या वर्षांतील फोर्ड एफ-२५० किंवा एफ-३५० सुपर ड्यूटी ट्रकची जोडी, म्हणजे पुढचा डाना ६० आणि मागचा स्टर्लिंग १०.५, टीजेला कशी बसवावी हे क्रमाने सांगितले आहे. वेल्डिंग या कामाचा लहान भाग आहे. खरे काम मोजमापाचे आहे, आणि बिघडलेली बहुतेक कामे घाईने घेतलेल्या मापांमुळे बिघडलेली असतात.

आधी हे काम आपल्याला हवे आहे का, ते तपासावे. चाके ३३ इंचांपर्यंतच राहणार असतील, तर २००३ पासूनच्या रुबिकॉन आवृत्तीत पुढे-मागे दोन्हीकडे आलेले डाना ४४ पुरेसे आहेत आणि ते गाडीला जवळजवळ तसेच्या तसे बसतात. ट्रकचा एक्सल प्रत्येकी दोनशे किलोंहून जड असतो आणि हे सारे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्यामुळे रस्त्यावर गाडी जड व धक्के देणारी वाटू लागते. रोज कामावर नेण्याच्या गाडीला हा बदल मी सुचवणार नाही.

ताकदीतला फरक मात्र खरोखर मोठा आहे. डाना ३५ च्या क्राउनचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास सुमारे ७.५६ इंच, तर डाना ६० चा ९.७५ इंच आणि स्टर्लिंगचा १०.५ इंच असतो. डाना ३५ चा शाफ्ट सुमारे १.१८ इंच जाड आणि २७ स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा) आहे. स्टर्लिंगचा दीड इंच जाड आणि ३५ स्प्लाइनचा. पीळ सोसण्याची शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे नुसत्या जाडीच्या हिशेबानेच ती दुप्पट होते. शिवाय स्टर्लिंग हा फुल फ्लोटिंग प्रकारचा आहे, म्हणजे गाडीचे वजन हब आणि हाउसिंग उचलतात, शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. तो तुटलाच तर बाहेर ओढून काढावा आणि पुढच्या एक्सलच्या जोरावर घरी यावे. चाक जागेवरच राहते.

भंगार यार्डातली निवड

पुढच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरेन्शियलचा फुगीर भाग, ट्रान्सफर केसचा (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला हवा. टीजेमध्ये ही बाजू चालकाची, म्हणजे अमेरिकी गाडीत डावी आहे. फोर्डचा गोळाही डावीकडेच असतो. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील जनरल मोटर्सच्या आणि डॉजच्या ट्रकांतील पुढचे डाना ६० उजवीकडे गोळा असलेले असतात, त्यामुळे ते कितीही स्वस्त मिळाले तरी टीजेच्या कामाचे नाहीत. फोर्डच्या पुढच्या डाना ६० चे पिनियन (क्राउनला फिरवणारे लहान दातेरी चक्र) वरच्या अंगाला असल्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट उंच राहतो आणि खडकांना घासत नाही, हा आणखी एक फायदा.

१९९९ ते २००४ या वर्षांतील सुपर ड्यूटीचे एक्सलही वापरता येतात आणि थोडे अरुंद असल्यामुळे काहींना ते अधिक आवडतात, पण तेथे एक सापळा आहे. त्या काळात अनेक एफ-२५० ट्रकांना पुढे डाना ६० नव्हे, तर डाना ५० बसवलेला होता. बाहेरून दोन्ही इतके सारखे दिसतात की ट्रकच्या नावावर विसंबून एक्सल घेणारा हमखास फसतो. हाउसिंगवरचा ओतीव आकडा आणि नळीवर ठोकलेला डानाचा बिल ऑफ मटेरिअल क्रमांक स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन्ही एक्सल एकाच ट्रकचे घ्यावेत, हा माझा आग्रह आहे. पुष्कळ जण पुढे फोर्डचा डाना ६० आणि मागे जनरल मोटर्सचा १४ बोल्ट अशी जोडी जमवतात. १४ बोल्ट हा एक्सल उत्तमच आहे, त्याच्या पिनियनला आतल्या टोकालाही तिसरे बेअरिंग असते. पण त्याच्या चाकाचे आठ स्टड ६.५ इंच, म्हणजे १६५.१ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि १९९९ नंतरच्या सुपर ड्यूटीचे १७० मिलिमीटरवर. डोळ्यांना हा पाच मिलिमीटरांचा फरक दिसत नाही. चाक हातात धरून स्टडवर टेकवले की मगच तो कळतो, आणि तोवर एका बाजूची चाके विकत घेऊन झालेली असतात. एकाच ट्रकची जोडी घेतली की पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचा व्यास, जुळतो, क्राउन-पिनियनचा रेशो जुळतो आणि ब्रेकही एकाच पिढीचे मिळतात. मागे दुहेरी चाके असलेल्या ट्रकची जोडी टाळावी, कारण तिचे हब आणि रुंदी वेगळी असते.

यार्डात एक्सल तपासताना मागचे झाकण काढू देतात का, हे आधी विचारावे. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. तेलात चमकणारी भुकटी थोडी असणे चालते, पण धातूचे तुकडे असतील तर तो एक्सल सोडून द्यावा. क्राउनचा प्रत्येक दात बोटाने चाचपावा, पिनियन हाताने फिरवून कुठे अडखळते का ते पाहावे, आणि पिनियन वर-खाली हलवून बेअरिंगमधला खेळ जोखावा. पुढच्या एक्सलच्या नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) पहार अडकवून बॉल जॉइंट हलतात का हे बघावे. ते बदलता येतात, पण त्यानुसार किंमत पाडून घ्यावी. नळी वाकली आहे का, हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या दोऱ्याने ढोबळपणे कळते. कॅलिपर, ब्रेकचे होज, हँडब्रेकच्या केबली आणि चाकाचे नट हे सारे त्याच व्यवहारात मागून घ्यावे, कारण सुटे घ्यायला गेल्यास तेच महाग पडते.

रेशोचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनच्या होणाऱ्या फेऱ्यांचा, हिशेब सोपा आहे. नव्या चाकाची उंची भागिले जुन्या चाकाची उंची, आणि त्या उत्तराला मूळ रेशोने गुणावे. टीजेला ३० इंची चाकांवर ३.७३ चा रेशो असेल, तर ३७ इंची चाकांसाठी ४.६० येतो आणि ४० इंचींसाठी ४.९७. सुपर ड्यूटीत बहुधा ३.७३ किंवा ४.१० आणि क्वचित ४.३० मिळतो. ३७ इंची चाकांसाठी मी ४.८८ धरतो, कारण एक्सलचे वाढलेले वजनही इंजिनालाच ओढायचे असते. पुढचा आणि मागचा रेशो एकच असला पाहिजे, नाहीतर फोर-व्हील लावल्याबरोबर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडू लागतील.

जुने काढण्यापूर्वीची मापे

गाडी सपाट काँक्रीटवर, चाकांत नेहमीची हवा भरून उभी करावी. चासीवर पुढे-मागे चार ठिकाणी पंचने खुणा कराव्यात, त्यांतून ओळंबा सोडून खालच्या फरशीवर बिंदू उमटवावेत आणि प्रत्येक एक्सलची मध्यरेषाही तशीच फरशीवर आणावी. टीजेचा व्हीलबेस ९३.४ इंच आहे. आपल्या गाडीचा दोन्ही बाजूंनी तेवढाच भरतो का, हे याच वेळी कळते. नंतर चासीपासून एक्सलपर्यंतची उंची, पिनियनचा कोन, बंपस्टॉपपर्यंतचे (एक्सलची वरची हालचाल अडवणाऱ्या टेकूपर्यंतचे) अंतर आणि ट्रॅक बारच्या (एक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची जागा लिहून ठेवावी. हे सारे कागदावर उतरवायला अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्यावा. जुने एक्सल एकदा निघाले की ही मापे पुन्हा कुठूनही मिळत नाहीत.

रुंदीचा निर्णयही याच टप्प्यावर करावा. चाक टेकते त्या दोन पृष्ठभागांमधले अंतर टीजेत सुमारे ६० इंच असते आणि सुपर ड्यूटीत त्याहून साधारण दहा-अकरा इंच जास्त. नळ्या कापून एक्सल अरुंद करता येतो, पण मग शाफ्ट खास बनवून घ्यावे लागतात आणि वाटेत तुटल्यास कुठल्याही दुकानात बदली मिळत नाही. ट्रकचे एक्सल घेण्याचे अर्धे कारणच तेथे निकालात निघते. म्हणून मी पूर्ण रुंदी ठेवून, बॅकस्पेसिंग (रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) जास्त असलेल्या रिम वापरणे पसंत करतो, म्हणजे टायर शक्य तेवढा आत राहतो. या पिढीच्या ब्रेकवर किमान १७ इंची रिम लागते; टीजेची १५ इंची रिम कॅलिपरवरून जाणार नाही.

सफाई, कापकाम आणि वेल्डिंग

एक्सल घोड्यांवर ठेवून शाफ्ट, हब, कॅलिपर आणि झाकण काढावे. वेल्डिंगची उष्णता आणि ठिणग्या सीलना व बेअरिंगना मारतात, म्हणून आतले सारे बाहेर काढणेच बरे. येथे एक इशारा जिवाशी संबंधित आहे: ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असते आणि त्याचा ओलावा उरलेल्या ठिकाणी वेल्डिंगचा आर्क लागला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. हाउसिंग धुण्यासाठी साबणपाणी वापरावे आणि ते पूर्ण कोरडे करावे.

पुढच्या एक्सलवर फोर्डच्या रेडियस आर्मचे आणि कॉइल स्प्रिंगचे जाड ब्रॅकेट असतात. उजवीकडचे नळीवर वेल्ड केलेले असल्याने ते प्लाझ्मा किंवा ग्राइंडरने कापून निघतात. डावीकडचा भाग मात्र गोळ्याच्या बिडाबरोबरच ओतलेला असतो. तो छाटताना ओतीव भागात खोल जाऊ नये आणि शेवटचे काही मिलिमीटर ग्राइंडरच्या चकतीने हळूहळू उतरवावेत. मागच्या एक्सलवरचे कमानपाट्यांचे पाळणेही काढून टाकावेत, कारण टीजे चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंगवर आणि लिंकवर चालते.

त्यानंतर ट्रस. नळीच्या वरून पुलासारखी बसणारी ही पोलादी पट्टी नळीला वाकू देत नाही आणि वरच्या कंट्रोल आर्मचे (एक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्याचे) ब्रॅकेट ठोकायला जागाही देते. नळी पोलादाची आणि गोळा बिडाचा असल्यामुळे दोन्हींना एकाच पद्धतीने वेल्ड करता येत नाही. पोलादावर २२० व्होल्टचे मिग यंत्र आणि ०.०३५ इंची तार पुरते. बिडाला जोडताना मात्र तो भाग आधी २०० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा, निकेलचा रॉड वापरावा, इंचभराचेच टाके घालावेत आणि नंतर अग्निरोधक घोंगडी गुंडाळून रात्रभर सावकाश निवू द्यावे. घाईने थंड केलेला टाका दुसऱ्या दिवशी केसासारखा तडकलेला सापडतो.

नळीवर एकाच ठिकाणी लांबच लांब वेल्डिंग केले तर ती उष्णतेने केळ्यासारखी वाकते. दोन-तीन इंचांचा टाका घालून विरुद्ध बाजूला जावे, मधे हात लावता येईल एवढे थंड होऊ द्यावे आणि शक्य असेल तर बेअरिंगच्या जागी गोल चकत्या बसवून त्यांतून सरळ दांडा आरपार घालून ठेवावा. दांडा हाताने फिरेनासा झाला की नळी हलली आहे. यंत्राची अर्थ क्लॅम्प नेहमी नळीलाच लावावी.

कोन

पुढच्या एक्सलमध्ये दोन कोन एकाच लोखंडात बांधलेले असतात. नकल नळीच्या टोकांना पक्के असल्यामुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव) वाढवायला हाउसिंग मागे झुकवले की पिनियनचे तोंड खाली जाते. मोठ्या चाकांच्या टीजेला ५ ते ७ अंश कॅस्टर मानवतो. पिनियन वर असल्याचा फायदा येथे कामी येतो आणि बहुधा तडजोड निभावते. नाहीच निभावली, तर नळीच्या टोकाचे सी-आकाराचे ओतीव तुकडे वेगळे करून फिरवावे लागतात, आणि ते काम अनुभवी माणसाकडेच द्यावे.

मागे हिशेब वेगळा आहे. टीजेचा व्हीलबेस इतका आखूड आहे की एक्सल खाली-वर होताना मागचा प्रॉपेलर शाफ्ट फार तिरपा होतो. म्हणून ट्रान्सफर केसमधला सरकता आऊटपुट काढून तेथे पक्का योक बसवावा आणि वरच्या टोकाला दुहेरी जॉइंटचा शाफ्ट घ्यावा. दुहेरी जॉइंट असेल तर पिनियनचे तोंड सरळ ट्रान्सफर केसकडे रोखावे आणि गाडी उभी असताना ते त्या रेषेच्या एक-दोन अंश खाली ठेवावे, कारण जोर लागला की पिनियन वर उचलले जाते.

हे कोन गाडीखालीच ठरवावेत. एक्सल जॅकवर फरशीवरच्या खुणांशी जुळवावा, ब्रॅकेटना फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारावेत, स्प्रिंग न बसवता एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली नेऊन पाहावे. ट्रॅक बार गोळ्याला लागतो का, टाय रॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा दांडा) कंट्रोल आर्मला घासतो का, ऑइल पॅन आणि गोळ्यात किती फट उरते, बंपस्टॉप आधी टेकतो की टायर आधी चासीला भिडतो, हे सारे या वेळी दिसते. दोष सापडला की टॅक तोडणे दोन मिनिटांचे काम असते, पक्के वेल्डिंग तोडणे एका दिवसाचे. या कामात पोटाखाली जड लोखंड आणि डोक्यावर अख्खी गाडी असते, त्यामुळे केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये; चासीखाली चार पक्के स्टँड असलेच पाहिजेत.

स्टिअरिंग आणि ब्रेक

या दोन गोष्टींत काटकसर करायची नाही. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) आणि ट्रॅक बार यांची लांबी जवळजवळ सारखी आणि दोन्ही एकमेकांना समांतर असावीत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळते. टीजेच्या मूळ स्टिअरिंग बॉक्सला ३७ इंची चाके खडकात वळवणे जड जाते. टाय रॉडवर हायड्रॉलिक सिलिंडर बसवून त्याला मदत द्यावी. कॅस्टर आणि लांबी ठरल्यावर टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) १/१६ ते १/८ इंच ठेवावा.

ट्रकच्या कॅलिपरमधले पिस्टन मोठे असल्यामुळे त्यांना जास्त तेल लागते आणि टीजेचा मूळ मास्टर सिलिंडर तेवढे ढकलू शकत नाही. पेडल खोल जाते. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर बसवला की पेडल वर येते, पण तेवढ्याच जोरात कमी दाब निर्माण होतो, म्हणून बूस्टरही त्याला साजेसा लागतो. बहुतेक टीजेत मागे ड्रम होते आणि आता डिस्क येणार, त्यामुळे मागच्या लाइनवर जुळवता येण्याजोगा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारी झडप) घालावा. मोकळ्या मैदानावर कमी वेगात जोरात ब्रेक मारून तो असा जुळवावा की आधी पुढची चाके अडतील. मागची आधी अडली तर गाडी आडवी जाते. गाडीला एबीएस असेल तर ट्रकच्या हबमधले सेन्सर टीजेच्या यंत्रणेला कळत नाहीत आणि दिवा पेटून राहतो. हँडब्रेकच्या केबली जुळवून तो चालू करावा; ते काम मागे टाकणाऱ्यांच्या गाड्या मी विटांच्या आधाराने उभ्या पाहिल्या आहेत.

शेवटची जोडणी

प्रॉपेलर शाफ्टची लांबी गाडीचे पूर्ण वजन नव्या चाकांवर आल्यावरच मोजावी. टीजेचे जॉइंट १३१० मालिकेचे असतात. एवढ्या मोठ्या एक्सलना १३५० मालिका घ्यावी आणि पिनियनचा फ्लँज त्यासाठी बदलावा. क्राउन-पिनियन बदलले असल्यास बॅकलॅश (दातांमधला खेळ) आणि दातांवरचा रंगाचा ठसा पिनियनबरोबर आलेल्या कागदानुसारच जुळवावा. स्वतः पहिल्यांदाच करत असाल तर हा एक भाग जाणत्या कारागिराकडून करून घेण्यात कमीपणा नाही. ब्रीदरच्या (हाउसिंगमधली हवा ये-जा करू देणाऱ्या) नळ्या बॉनेटखाली उंच नेऊन बांधाव्यात, म्हणजे ओढा ओलांडताना गरम हाउसिंग पाणी आत ओढणार नाही. कंट्रोल आर्मला रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. स्पीडोमीटरसाठी ट्रान्सफर केसमधले लहान प्लॅस्टिकचे गिअर नव्या चाकांप्रमाणे व रेशोप्रमाणे बदलावे.

कायद्याकडेही पाहायला हवे. अमेरिकेत उंची, बंपर आणि मडगार्डबाहेर येणारी चाके यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याची तपासणी आधी वाचावी. भारतातील वाचकांनी मात्र हा लेख वाचून आपल्या थारला हात घालू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची, घराजवळची आणि कमी वेगाची असावी. परत आल्यावर हब आणि पिनियनजवळ हात धरून पाहावा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा फार तापली असेल तर तेथले बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. एक्सल पूर्ण थंड झाल्यावरच दुसरी फेरी मारावी. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पहिल्या आठवड्यात कोणता बोल्ट ढिला झाला हे पाना न लावताही दिसते. चाकाचे नट ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क पान्याने आवळावेत. क्राउन-पिनियन नवे असेल तर पहिले ५०० मैल काही ओढू नये आणि त्यानंतर दोन्ही एक्सलचे तेल बदलावे. झाकणाच्या चुंबकाला त्या वेळी बारीक करडी भुकटी चिकटलेली दिसेल, ती पुसून टाकावी आणि झाकण पुन्हा लावण्यापूर्वी ट्रसच्या बिडाकडच्या टाक्यांवरून टॉर्चचा उजेड एकदा फिरवावा.